आज्जी पडल्या!

'नेट गेलं' हे हॉस्टेलमध्ये सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य आहे. 'आज भाजी कुठली?' याचा नंबर त्याच्यानंतर. पण भाजीच्या बाबतीत उत्तर तरी ठरलेलं असतं (बटाटा!). नेटच्या बाबतीत नेमकं काय गेलंय ते कोणीच सांगत नाही. वाय-फाय गेलं? मोबाइल हँग झाला? की ज्या साइटवर निकाल लागणार होता ती साइटच झोपली? सगळ्याला एकच वाक्य. आणि त्यातून तुम्ही हॉस्टेलच्या नेट सेक्रेटरी असाल, तर जेवणाच्या रांगेत, गिझरच्या रांगेत, व्हायवाच्या रांगेत, कुठंही हे वाक्य तुमच्या अंगावर धावून येतं.

आमच्या लेडीज हॉस्टेलमध्ये या वाक्याला एक खास पर्याय आहे... 'आज्जी पडल्या!' पहिल्यांदा ऐकणारी मुलगी घाबरून जिन्याकडे धावते. आज्जी म्हणजे ऑफिसातल्या टेबलाखाली बसलेला एक डेस्कटॉप. लॅबमधून बाद झालेला, ४ जीबी रॅमचा, डाव्या बाजूचं झाकण हरवलेला. आमच्या आधीच्या एका बॅचच्या ताईंनी त्यात दुसरं नेटवर्क कार्ड बसवलं, लिनक्स टाकलं आणि त्याचा राउटर केला. एका कार्डात बाहेरून येणारं नेट, दुसऱ्यातून तीन मजल्यांवरच्या स्विचकडे जाणारं, मधे आज्जी बसलेल्या. १४० मुलींचं येणंजाणं त्यांच्या समोरून. कोण कधी आलं, कोणी किती वापरलं, याचा हिशोब त्यांच्याकडे. आता याला आज्जी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

'असल्या भंगारावर नेट चालतं का? चांगला राउटर विकत घ्या!' असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना मी नम्रपणे इतिहास सांगते. राउटर नावाचा वेगळा डबा बाजारात यायच्या खूप आधीपासून हे काम साधे कॉम्प्युटरच करत होते. १९६९ साली अर्पानेट सुरू झालं तेव्हा प्रत्येक ठिकाणी जो 'आय.एम.पी.' ठेवला होता, तो म्हणजे हनीवेलचा डी.डी.पी.-५१६ हा मिनीकॉम्प्युटर. १९८६ मध्ये अमेरिकेत एन.एस.एफ.नेट सुरू झालं तेव्हा डेव्हिड मिल्स यांचं 'फझबॉल' नावाचं सॉफ्टवेअर पी.डी.पी.-११ या कॉम्प्युटरवर चालायचं आणि लाइनचा वेग होता ५६ किलोबिट! आमच्या आज्जी त्यांच्यापुढे राजकन्या आहेत.

आणि लाइन तुटण्याचं म्हणाल, तर ती परंपरा पहिल्या दिवसापासूनची. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून चार्ली क्लाइन नावाच्या विद्यार्थ्याने स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतल्या कॉम्प्युटरला 'लॉगिन' हा शब्द पाठवायला घेतला. 'एल' पोचलं, 'ओ' पोचलं, आणि पलीकडचा कॉम्प्युटर बसला! दोन अक्षरं पाठवून नेट गेलं. तासाभराने परत जमलं म्हणा. क्लाइनला कोणी जेवणाच्या रांगेत गाठलं होतं का, याची नोंद मात्र माझ्या वाचनात नाही.

तर मूळ मुद्दा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आज्जींनी रोज पडायला सुरुवात केली. दिवसभर सगळं ठणठणीत. संध्याकाळी सहा वाजले की सुरू! दहा मिनिटं चालतंय, तीन मिनिटं बंद. परत पाच मिनिटं चालतंय, परत बंद. रात्रभर हा खेळ, आणि सकाळी दहाच्या सुमारास आपोआप बरं. रविवारी तर सकाळपासूनच. ज्या कंपनीचं कनेक्शन आहे तिथं तक्रार केली. त्यांचा माणूस आला तो दुपारी बारा वाजता. त्याने लॅपटॉप लावला, स्पीड टेस्ट केली, २०० पैकी २०० एमबीपीएस दाखवले, रजिस्टरवर सही घेतली आणि गेला. दुसऱ्यांदा आला, परत दुपारी. तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा तो म्हणाला, 'मॅडम, तुमच्या हॉस्टेलच्या पोरी रात्री लै डाउनलोड करतात, लोड येतो लाइनवर.'

झालं! 'लोड येतो' हे वाक्य रेक्टर मॅडमच्या कानावर पडलं आणि तिथून गोष्टीला वेगळंच वळण लागलं. कारण हे पटण्यासारखंच होतं. दिवसा मुली कॉलेजात, नेट चांगलं. संध्याकाळी मुली हॉस्टेलवर, नेट वाईट. रविवारी दिवसभर हॉस्टेलवर, दिवसभर वाईट. आणखी काय पुरावा पाहिजे? मॅडमनी मला आज्जींकडून महिन्याच्या वापराची यादी काढायला लावली. यादीत सर्वात वर खोली नंबर ३१२ मधली एक फर्स्ट इयरची मुलगी. दुसऱ्या नंबरच्या मुलीपेक्षा जवळजवळ तिप्पट. त्यातही बराचसा वापर पहाटे चारनंतर.

मॅडम म्हणाल्या, 'पहाटे चार वाजता ही काय बघते?'

मॅडम स्वभावाने वाईट नाहीत, पण त्यांच्या डोक्यात जे चित्र आलं ते चांगलं नव्हतं एवढं त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. 'गणपती होऊन जाऊ देत. बुधवारी मी हिच्या वडिलांना फोन करते. घरी कळलेलं बरं.'

मी ३१२ मध्ये गेले. ती अक्कलकुवा तालुक्यातली, म्हणजे पार नंदुरबारच्या टोकाला, सातपुड्यातली. पाड्यावर मोबाइलला रेंज मिळवायला टेकडी चढून जावं लागतं. धाकटी बहीण बारावी सायन्सला. तिला क्लास नाही, फिजिक्सला शिकवायला कोणी धड नाही. म्हणून ही इथून लेक्चरचे व्हिडिओ उतरवून पेनड्राइव्हवर भरत होती. दिवाळीला घरी नेणार, तिथं शाळेतल्या कॉम्प्युटरवर बहीण बघणार. 'पहाटे लावते ताई, कारण तेव्हा बाकीच्यांना त्रास नको. तेव्हा सगळ्या झोपलेल्या असतात ना.'

आता बघा, अख्ख्या हॉस्टेलमध्ये नेट वापरताना दुसऱ्याचा विचार करणारी एकच मुलगी, आणि यादीत तीच सापडली!

मी तिला फोनचं सांगितलं. तिचा चेहरा एकदम उतरला. 'ताई, बाबांना फोन नको. त्यांनी मोठ्या काकांशी भांडून मला पाठवलंय. रात्री नेटवर असते असं कळलं तर काका म्हणणार, बघ, सांगितलं होतं. मग दिवाळीनंतर मी परत येणारच नाही.' मी मॅडमना व्हिडिओंचं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, 'कारण काही असो, त्रास १४० मुलींना होतोय.' यावर उत्तर नव्हतं. लोडमुळे नेट जात नाही, हे दाखवल्याशिवाय उत्तर मिळणारही नव्हतं.

मग मी आज्जींच्या शेजारी सतरंजी टाकली.

पहिलं काम, 'नेट गेलं' या वाक्याचे तुकडे करायचे. त्यासाठी सर्वात जुनं आणि सर्वात साधं हत्यार म्हणजे पिंग. हे १९८३ च्या डिसेंबरमध्ये माइक मूस या अमेरिकन प्रोग्रामरने लिहिलं, तेही एक बिघडलेलं नेटवर्क दुरुस्त करताना. पाणबुडीच्या सोनारचा 'पिंग' असा आवाज जाऊन आदळतो आणि परत येतो, त्यावरून नाव. हाक मारायची आणि 'ओ' येते का बघायची, बस्स. मी चार ठिकाणी हाका मारायच्या ठरवल्या. एक, तिसऱ्या मजल्यावरच्या स्विचला, म्हणजे आपल्याच घरात. दोन, कंपनीच्या गेटवेला, म्हणजे घराबाहेरच्या पहिल्या चौकात. तीन, गूगलच्या ८.८.८.८ ला, म्हणजे लांब परगावी. आणि चार, एका साइटला नावाने, म्हणजे पत्ता सांगणारा डी.एन.एस. जागा आहे का ते बघायला. दर दहा सेकंदांनी चार हाका, आणि उत्तर आलं की नाही ते घड्याळाच्या वेळेसकट फाइलमध्ये. स्क्रिप्ट जेमतेम पंधरा ओळींची. पण त्या फाइलशिवाय सगळी चर्चा म्हणजे मेसमधली चर्चा. 'काल रात्री खूप वेळा गेलं' आणि 'काल १८:०४ ते १८:०७ गेलं' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दोन रात्रींत पहिला निकाल लागला. घरातल्या हाकेला कायम 'ओ'. म्हणजे स्विच, वाय-फाय, भिंतीतल्या वायरी, आज्जींची आतली बाजू... सगळं निर्दोष. जाताना दोन, तीन आणि चार एकदम जात होते. पहिल्या चौकापर्यंतसुद्धा पोचत नव्हतो. म्हणजे गूगलचा दोष नाही, डी.एन.एस.चा नाही. गोष्ट आज्जी आणि पहिला चौक यांच्या मधली.

लोड आला की काय होतं, हेही बघून घेतलं. लाइन भरून वाहायला लागली की पिंगचं उत्तर उशिरा येतं. एरवी ८ मिलिसेकंदात येणारं २०० ला येतं, ४०० ला येतं, मधूनच एखादं गळतं. ट्रॅफिक जॅममध्ये गाडी हळू होते तसं. आमच्या फाइलमध्ये असं काही नव्हतं. ८, ८, ९, ८... आणि एकदम शून्य! जॅम नाही, पूलच गायब. हे मी मॅडमना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून आकडे वाचले आणि विचारलं, 'पण मग दिवसा का नाही जात?' प्रश्न बरोबर होता. मॅडम केमिस्ट्रीच्या आहेत.

पास आउट झालेल्या एका सिनियर ताईला फोन केला. ती म्हणाली, 'एमटीयू बघ.' हा आमच्या लाइनीतला आवडता संशयित आहे. इथरनेटवरून एका वेळी जास्तीत जास्त १५०० बाइटचं पाकीट जातं. आमचं कनेक्शन पीपीपीओई प्रकारचं, म्हणजे नाव-पासवर्ड देऊन डायल करावं लागणारं. त्याचं स्वतःचं वेष्टन ८ बाइटचं, म्हणून आत उरतात १४९२. कोणी मधे १५०० चा हट्ट धरला तर मोठी पाकिटं वाटेत गळतात. छोटे मेसेज जातात, मोठी पानं अर्धवट उघडून लटकतात. तपासणं सोपं असतं. 'पाकीट फोडू नका' अशी खूण करून पिंग पाठवायचं. १४६४ चा डेटा अधिक २८ बाइटचे मथळे, बरोबर १४९२. ते गेलं. १४६५ अडलं. जसं व्हायला पाहिजे अगदी तसं! शिवाय एमटीयूचा घोळ दिवसा-रात्री सारखाच असतो, तो घड्याळ बघून येत नाही. संशयित सोडून दिला.

गणपतीचे दिवस होते. हॉस्टेलचा गणपती पाच दिवसांचा, तो केव्हाच गेला होता. पण अनंत चतुर्दशीला, म्हणजे ६ सप्टेंबरला, शनिवार आला आणि लागून रविवार, त्यामुळे जवळजवळ सगळ्या मुली घरी पळाल्या. उरलो आम्ही सहाजणी. त्यातल्या पाचजणी शनिवारी दुपारपासून मिरवणूक बघायला. मीही गेले होते, नाही कशाला म्हणू! ढोल-ताशा ऐकून कानात दडे बसवून रात्री परत आले आणि सवयीने फाइल उघडली.

हॉस्टेल ओस. नेट वापरायला कोणी नाही. आणि शनिवारच्या दिवसभरात लाइन २३ वेळा तुटलेली!

नुसती रात्री नाही. सकाळी नऊला, अकराला, दुपारी दोनला. एरवीच्या शनिवारी दिवसा एकदासुद्धा जात नसे. ३१२ वाली शुक्रवारीच रात्रीच्या एसटीने गावी गेली होती. आउटिंग रजिस्टरमध्ये तिची सही, वेळ आणि मॅडमची प्रतिसही. याहून पक्की अॅलिबी कोर्टातसुद्धा मिळणार नाही. मी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला.

पण 'ती नाही' एवढ्यानं भागत नव्हतं. 'मग कोण?' हे पाहिजे होतं. मी कागदावर दोन रकाने केले. साधा शनिवार आणि हा शनिवार, फरक काय? एक फरक, मुली नव्हत्या. पण मुली नसताना नेट बिघडतं, हे तर लोडच्या बरोबर उलट झालं! दुसरा फरक, सुट्टी होती. सुट्टी म्हणजे ऑफिस बंद. मी मागच्या दोन आठवड्यांच्या वेळा काढल्या. नेट बरं होतं ते सकाळी दहाच्या आसपास. ऑफिस उघडतं दहाला. नेट बिघडतं सहाच्या आसपास. ऑफिस बंद होतं पावणेसहा-सहाला. एका मंगळवारी मात्र बिघाड सुरू झाला रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी. आणि त्या मंगळवारी फीच्या हिशोबासाठी क्लार्क मॅडम आठ वाजेपर्यंत बसल्या होत्या, हे मला चांगलं आठवत होतं, कारण त्यांना चहा मीच नेऊन दिला होता.

मुलींचं येणंजाणं आणि ऑफिसचं उघडणं-मिटणं, दोन्हींचं घड्याळ एकच. इतके दिवस आम्ही सगळे पहिल्याकडे बोट दाखवत होतो.

रविवारी रात्री मावशींकडून ऑफिसची किल्ली घेतली. (मावशी म्हणजे ऑफिसची झाडलोट, किल्ल्या, पाण्याचे जार आणि आमच्या सर्दी-खोकल्याचे काढे, सगळं सांभाळणाऱ्या.) आज्जींचा स्वतःचा कर्नलचा लॉग उघडला. पिंग सांगतं की उत्तर आलं नाही. हा लॉग सांगतो की वायरच्या टोकाला काय झालं. त्यात पानंच्या पानं एकच रडगाणं होतं. 'लिंक डाउन. लिंक अप, १००० एमबीपीएस. लिंक डाउन. लिंक अप, १०० एमबीपीएस. लिंक डाउन...'

हे वाचलं आणि मला अगदी गुदगुल्या झाल्या. कारण हजाराचं शंभर होणं ही नेटवर्कवाल्यांसाठी फार मोठी खूण आहे. केबलच्या आत आठ तारा असतात, दोन-दोन एकमेकींना पीळ घातलेल्या, म्हणजे चार जोड्या. केशरी, हिरवी, निळी आणि तपकिरी. १०० एमबीपीएसला फक्त दोन जोड्या लागतात, केशरी आणि हिरवी. १००० ला चारही लागतात. दोन्ही टोकांची कार्डं आधी केशरी-हिरवीवरून बोलून ठरवतात, 'हजार जमेल का तुला?' 'हो जमेल.' मग हजारावर जायला बघतात, आणि निळी किंवा तपकिरी जोडी तुटकी असेल तर तोंडावर आपटतात. परत बोलणी, परत आपटणं. दोन-चारदा असं झालं की काही कार्डं शहाणी होऊन १०० वर समाधान मानतात. म्हणजे कुठंतरी एक तार अशी होती, जी दिवसा जोडलेली असते आणि रात्री सुटते.

अर्थात, आज्जींचं कार्डच खराब असलं तरीही असा लॉग येऊ शकतो. म्हणून कार्डांची अदलाबदल केली. बाहेरची केबल आतल्या कार्डात, आतली बाहेरच्यात, आणि सेटिंगमध्ये नावं उलटी. अर्ध्या तासात निकाल हातात. आजार केबलबरोबर दुसऱ्या कार्डात गेला! पहिलं कार्ड स्विचशी हजारावर निवांत गप्पा मारत बसलं. आज्जी निर्दोष.

इथं एक कोडं मात्र सुटायचं होतं. लिंक तुटायची ती दोन-तीन सेकंद. मग नेट तीन-तीन मिनिटं का जायचं? त्याचं उत्तर आज्जींच्याच एका जुन्या स्क्रिप्टमध्ये सापडलं. लिंक गेली रे गेली की चालू सेशन टाकून द्यायचं आणि नवीन डायल करायचं, अशी तिला शिकवण होती. पण आपण सेशन टाकलं हे पलीकडे कळतच नव्हतं, कारण त्या क्षणी वायर तुटलेली! पलीकडच्या मशिनच्या लेखी आज्जी अजून आतच. एका नावावर एकच लॉगिन चालतं, म्हणून ते नवीन डायलला दारातूनच परत पाठवायचं. जुन्या सेशनची मुदत संपेपर्यंत आज्जी दार वाजवत उभ्या. तीन सेकंदांचं दुखणं आणि तीन मिनिटांचा मुक्काम. मी स्क्रिप्टमध्ये तीस सेकंद थांबायची ओळ घातली. तेवढ्यात लिंक परत आली तर जुनंच सेशन चालू राहतं, डायल करायची गरजच नाही. त्याच रात्री बंद पडण्याचा वेळ एकदम कमी झाला. पण हे म्हणजे ताप उतरवण्याची गोळी. रोग केबलमध्येच होता.

सोमवारी दुपारी केबल हातात धरून निघाले. फायबरचं यंत्र गच्चीच्या जिन्याच्या खोलीत आहे. तिथून बाहेरच्या भिंतीवरून, ड्रेनेजच्या पाइपाला बांधत, केबल खाली येते आणि ऑफिसच्या खिडकीतून आत शिरते. साधारण ४५ मीटर. मर्यादा १०० मीटरची असते, त्यामुळे लांबीचा प्रश्न नाही. उंदरांनी कुरतडलेलं नाही, उन्हानं तडकलेलं नाही, कुठं जोड नाही. खिडकीशी पोचले. सरकती अॅल्युमिनियमची खिडकी, उघडी. केबल तिच्या कडेला चौकटीला टेकून गरीब गाईसारखी उभी. काहीच वावगं नाही.

पावणेसहाला मी लॅपटॉपवर लॉग उघडून ऑफिसात बसले. क्लार्क मॅडमनी पर्स उचलली. मावशी आल्या, पंखा बंद केला, जारचं झाकण लावलं. 'डास येत्यात बाई,' म्हणत खिडकी सरकवली. शेवटची दोन बोटं ती अडली. मावशींनी तळहात लावून एक दणका दिला, कडी बसली.

आज्जींच्या पाठीमागचा हिरवा दिवा विझला. स्क्रीनवर ओळ आली... लिंक डाउन.

'मावशी, उघडा बरं खिडकी!'

खिडकी उघडली. दोन-तीन सेकंदांत दिवा लागला. लिंक अप, १०००.

'लावा परत.'

लावली. विझला.

'उघडा.'

असं चार वेळा केलं. चौथ्या वेळी मावशी स्वतःच दिव्याकडे बघून खिडकी हलवायला लागल्या. मग एकदम थांबल्या. 'म्हंजी... माझ्यामुळं व्हय गं? पोरींचा अभ्यास माझ्यामुळं बुडला?'

'मावशी, खिडकी लावणं तुमचं कामच आहे. खिडकीतून केबल घेणाऱ्यांनी बघायला पाहिजे होतं.' आणि ते खरंच आहे. तिथं केबल टाकून गेले ते कंपनीचे लोक. भिंतीला भोक पाडायचं तर ड्रिल लागतं, वेळ जातो. उघडी खिडकी समोर दिसली, काम झालं! नंतर तीन वेळा त्यांचाच माणूस तपासायला आला तो दिवसा, खिडकी उघडी असताना. आणि जाताना 'पोरी लै डाउनलोड करतात' हे सांगून गेला. मला राग येतो तो या वाक्याचा. एका वाक्याची किंमत त्याला माहीत नव्हती.

मंगळवारी मॅडमच्या टेबलावर मी तीन कागद ठेवले. अनंत चतुर्दशीच्या तुटण्याच्या वेळा, आउटिंग रजिस्टरच्या पानाचा प्रिंट, आणि एक अर्ज. अर्ज मराठीत लिहायचा होता. कॉन्व्हेंटच्या मराठीने 'विषय' आणि 'आपली विश्वासू' एवढ्यापर्यंत साथ दिली, मधलं रूममेटने सांगितलं. मॅडमनी कागद वाचले, मग स्वतः उठून ऑफिसात आल्या आणि खिडकी लावून-उघडून बघितली. दोनदा. 'कंट्रोल एक्सपेरिमेंट चांगला आहे,' म्हणाल्या. केमिस्ट्रीवाल्यांकडून याच्यावर कौतुक नाही. बुधवारचा फोन झाला नाही. ३१२ वालीला बोलावून 'अभ्यास नीट कर' एवढंच सांगितलं. 'सॉरी' म्हणाल्या असत्या तर मला जास्त आवडलं असतं, पण ते मी इथं लिहिते आहे, तिथं बोलले नाही.

दुरुस्तीला एक दुपार लागली. वर्कशॉपमधून ड्रिल मशिन आणलं. वर्कशॉपच्या सरांनी भिंतीला भोक पाडून दिलं, बाहेरून आत येताना किंचित चढतं, म्हणजे पावसाचं पाणी उतारानं बाहेरच राहतं. गच्चीपासून ऑफिसापर्यंत नवी केबल टाकली. जुनीला मधेच जोड द्यायचा मोह आवरला, कारण जोड म्हणजे पुढच्या वर्षीच्या सेक्रेटरीला आंदण. भोकाच्या बाहेर केबलला खाली लोंबणारा एक झोळ ठेवला, थेंब तिथूनच गळून पडावेत म्हणून. जुन्या केबलचा खिडकीतला वीतभर तुकडा मी कापून घेतला आणि वरचं प्लास्टिक सोललं. वरून नुसती चपटी झालेली, आत निळ्या जोडीतली एक तार पार तुटलेली, दोन्ही टोकं एकमेकींना जेमतेम टेकलेली. दाब नसताना टेकतात, दाबलं की सरकतात. वाऱ्यानं खिडकी थरथरली की परत टेकतात, परत सुटतात. रात्रभर जो खेळ चालायचा तो एवढ्याशा जागेत.

पुढच्या आठवड्याच्या फाइलमध्ये तुटल्याची एकही ओळ नव्हती. इकडे पहाटे चारचा वापरही शून्य! मला कळेना. ३१२ मध्ये गेले तर ती पुस्तक घेऊन बसलेली. त्या दिवसापासून तिने एकही व्हिडिओ उतरवला नव्हता.

'ताई, आता लावू का?'

'लाव की! मी काय, मॅडमसुद्धा काही म्हणणार नाहीत.'

'लिहून देता का?'

दिलं. हॉस्टेलच्या लेटरहेडवर, नेट सेक्रेटरी या नात्याने, सही-शिक्क्यासकट. दिवाळीला ती ६४ जीबीचे दोन पेनड्राइव्ह घेऊन गेली, आणि सुट्टी संपल्यावर परत आली.

नोव्हेंबरमध्ये एकदा परत 'आज्जी पडल्या'ची आरोळी उठली. या वेळी फाइल वेगळं बोलत होती. लिंक अप, १०००, दिवा हिरवा, पण पहिल्या चौकातून 'ओ' नाही. म्हणजे केबल धडधाकट, गच्चीतल्या यंत्राच्या पलीकडे काहीतरी. फोन करून वेळा वाचून दाखवल्या. तोच माणूस आला, या वेळी संध्याकाळी सात वाजता. थेट गच्चीत गेला, फायबरचं टोक काढलं, पुसलं, परत बसवलं. जाताना ऑफिसात रजिस्टरवर सही घ्यायला थांबला. मावशी खिडकी लावत होत्या.